बर्फावरचा मारकुटा

त्या माणसाची आठवण झाली की मला आधी राग येतो. बाकी सगळं मागून येतं. या रागाचे थर आहेत. सगळ्यात वर आमच्या ऑफिसातले साहेब, त्यांच्या खाली रिंकचा मॅनेजर आणि अगदी तळाशी तो स्वतः. असल्या वल्लींबद्दल बोलताना लोकांच्या चेहऱ्यावर हसू येतं म्हणतात. मला अजून तरी आलेलं नाही.

तो आमचा आइस हॉकीचा कोच होता. सिंगापूरमध्ये. हो, जिथे बाराही महिने घामाच्या धारा लागतात आणि बुकित बातोकच्या स्टेशनपासून घरी चालत गेलं तरी कपडे पिळून काढावे लागतात, त्याच सिंगापूरमध्ये. पश्चिमेकडच्या एका मॉलच्या वरच्या मजल्यावर बर्फाचं मैदान आहे, त्याला रिंक म्हणतात. आणि मी, ठाण्याच्या नौपाड्यातली, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालून बसणारी, पंचेचाळिशीला टेकलेली बाई, तिथे हॉकी शिकायला जात होते. म्हणजे क्लास लावला होता लेकीला. ती एकदोनदा गेली आणि इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "आई, सो कोल्ड, आय डोन्ट वॉन्ट लाह." फी परत मिळणार नव्हती. मग कुठल्याही मराठी घरात झालं असतं तेच झालं. वाया कशाला घालवायची, म्हणून मीच मोठ्यांच्या बॅचमध्ये नाव घातलं. नवरा म्हणाला, "अगं, हाडं मोडून घेशील." मी म्हटलं, "मोडली तर मोडली, निदान वसूल तरी होईल."

पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला ओळीत उभं केलं, म्हणजे आम्ही कठड्याला धरून लटकलो, आणि तो म्हणाला, "पडा." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. बॅचमधले बहुतेक जण माझ्या निम्म्या वयाचे होते. त्यांना विचारायची लाज वाटली असावी, म्हणून मीच विचारलं, "पडायला आलोय का आम्ही?" तो म्हणाला, "हो. पडायला घाबरतो तो नुसता उभा राहतो. पड." इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, पण त्याच्या तोंडून निघालेलं ते 'तू'च होतं, त्यात मला तिळमात्र शंका नाही. त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही फक्त पडलो आणि उठलो. काठी हातात नाही, ती रबरी चकती, जिला पक म्हणतात, ती तर दिसलीसुद्धा नाही. माझे गुडघे काळेनिळे झाले. घरी येऊन मी त्याला मराठीत मनसोक्त शिव्या घालायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर व्हायचे.

दिसायला तो धिप्पाड. साठीकडे झुकलेला. नाकाला एकदा डावीकडे जायचं होतं, मग उजवीकडे, आणि शेवटी त्यानं मधेच नाद सोडला होता. वरचे पुढचे दात खोटे. क्लास सुरू व्हायच्या आधी तो ते काढून खिशातल्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवायचा, आपल्याकडे सुपारीची असते तेवढ्या डबीत, आणि मग बिनदातांचाच आमच्यावर ओरडायचा. निम्मं ओरडणं कळायचं नाही, पण जे कळायचं ते पुरेसं असायचं. त्याच्या काही गोष्टी ठरलेल्या होत्या. शाबासकी नाही. कोणी नीट वळलं तरी "परत." कोणी चुकलं तरी "परत." आणि जो 'सॉरी' म्हणेल तो बाहेर. आम्ही ऑफिसात दिवसभर सॉरी म्हणणारी माणसं, कुणाला जरा कोपर लागलं की तोंडातून निघायचंच. मग बाकावर जाऊन बसायचं. मी एवढ्या वेळा बसले की त्या बाकावर माझं नाव कोरायला हरकत नव्हती.

आणखी एक सवय. काही कडू बोलायचं असलं की तो आधी हातमोजे काढायचा, काखेत धरायचा आणि विचारायचा, "तयार?" तुम्ही हो म्हटल्याशिवाय पुढे बोलायचा नाही. एकदा माझ्यासमोर येऊन मोजे काढले. मी म्हटलं, "तयार." तर म्हणतो, "तू गुडघ्यात वाकत नाहीस. नुसती मान खाली घालतेस. तुला कोणीतरी तशी सवय लावलीय." मी जी भडकले. म्हटलं, तुला काय करायचंय माझ्या मानेशी, तू स्केटिंग शिकव. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी गुडघ्यात वाकले, रागाच्या भरात, आणि पूर्ण रिंकला फेरी मारून आले. तो म्हणाला, "परत."

मॉलच्या गच्चीवर उघडं पार्किंग आहे. क्लास संपला की तो तडक तिथे जायचा आणि उन्हात उभ्या असलेल्या गाड्यांच्या बॉनेटवर दोन्ही तळवे पसरून उभा राहायचा. डोळे मिटून. एक बॉनेट निवलं की पुढच्या गाडीकडे. एकदा मी गाडीत बसायला गेले तर तिथल्या वॉचमननं त्याला धरलेलं. वॉचमन म्हणत होता, "अंकल, व्हाय यू टच पीपल्स कार?" आणि हा ढिम्म. स्वतःच्या बाजूनं बोलायला एक शब्द नाही. मी मधे पडले, म्हटलं हा खालच्या रिंकचा कोच आहे, आणि हवं तर माझ्या गाडीवर ठेवू दे हात, माझी काही हरकत नाही. वॉचमन कुरकुरत गेला. मी वळून विचारलं, "तोंड नाही का तुला? सांगता येत नव्हतं?" तर हा उलट माझ्यावरच चिडला. "मी तुला बोलावलं होतं का?" म्हणाला. आणि मग माझ्याच गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मला दहा मिनिटं गाडी काढता आली नाही.

ते हात मी तेव्हा पहिल्यांदा जवळून बघितले. बोटांची पेरं सुजून गाठी झालेल्या, करंगळी आडवी, अंगठा मुळापाशी फुगलेला. "इथे गरम असतं म्हणून मी इथे राहतो," तो म्हणाला. "गरम असलं की मूठ वळते." बस, एवढंच स्पष्टीकरण. बुकित पंजांगला एका चिनी म्हाताऱ्या बाईंच्या फ्लॅटमध्ये तो एक खोली घेऊन राहायचा, खिडकीखालून एलआरटीची छोटी गाडी जायची. बाई रोज त्याच्या बोटांना कसलंतरी झणझणीत तेल चोळायच्या आणि चोळताना त्याला होकियनमधून, म्हणजे त्यांच्या चिनी बोलीतून, बोलायच्या. त्याला एक अक्षर कळायचं नाही. एसी नाही, पंखाही बंद. त्या खोलीत मी एकदा डबा द्यायला गेले होते, पाच मिनिटांत घामानं निथळत बाहेर आले. तो मात्र आरामात पुरणपोळी खात बसला होता, दात लावून.

त्याची खरी हकिगत मला कळली पुलाउ उबीनला. बॅचची सहल होती. चांगीहून बमबोट, म्हणजे छोटी लाकडी मोटारहोडी, पकडून बेटावर गेलो, सायकली भाड्यानं घेतल्या, आणि दुपारी सगळे जण टपरीच्या सावलीत नारळपाणी पीत बसले. हा एकटा धक्क्यावर, भर उन्हात, तापलेल्या सिमेंटवर तळवे टेकून. मी छत्री उघडून शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "तू खेळायचास म्हणजे नक्की काय करायचास?"

"मारामारी," तो म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. पण थट्टा करायची त्याला सवयच नव्हती. तो कॅनडातल्या एका खाणीच्या गावचा. वडील खाणीत, भाऊ खाणीत. हा लहानपणापासून स्केट्सवर वाऱ्यासारखा पळायचा, त्याला गोल करायचे होते. व्यावसायिक संघाच्या निवडीला गेला तेव्हा अठरा वर्षांचा होता. तिथल्या कोचनं त्याचं खेळणं बघितलंच नाही, अंगापिंडानं किती आहे ते बघितलं आणि दुसऱ्या एका पोराकडे बोट दाखवून म्हणाला, त्याला पाड. यानं पाडलं. "नसतं पाडलं तर मला घरी पाठवलं असतं," तो म्हणाला. "पाडलं, म्हणून मग दुसरं काही करूच दिलं नाही."

त्या काळी म्हणे प्रत्येक संघात असा एक माणूस पगारावर ठेवलेला असायचा. आपल्या चपळ, नाजूक खेळाडूला समोरच्यानं धक्काबुक्की केली, की यानं जायचं आणि हिशेब चुकता करायचा. बाकी सगळा वेळ बाकावर. कोच मागून खांद्यावर थाप मारायचा, ती थाप पडली की उठायचं. समोरच्या संघातही तसाच एक असायचा, तोही तसाच बाकावरून उठून यायचा. दोघांनी एकमेकांना विचारायचं, तयार? हो म्हटलं की हातमोजे टाकायचे आणि सुरू. एक पडला की दुसऱ्यानं थांबायचं. पडलेल्याला मारायचं नाही, ज्याला लढता येत नाही त्याला हात लावायचा नाही. "मी पकला काठी लावली की लोक खाली बसायचे, खायला आणायला जायचे," तो म्हणाला. "मोजे टाकले की उभे राहायचे." सामना झाला की मुठी बर्फाच्या बादलीत बुडवायच्या, बसमध्ये बसायचं, पुढचं गाव.

"गोल किती केलेस?" मी विचारलं.

"ते कोणी मोजायचं नाही. मी मोजायचो." आकडा काही सांगितला नाही.

पुढे दिवस बदलले. असल्या माणसांची गरज संपली, मारामारीवर टीका व्हायला लागली, आणि एके दिवशी संघाच्या ऑफिसात बोलावून त्याला मोकळं केलं. हात तोवर असे झालेले. मी म्हटलं, "आणि ज्यांच्यासाठी तू मार खाल्लास ते काय करत होते? एकानं तरी तोंड उघडलं?" तो म्हणाला, "त्यांना पुढचा सामना होता." इतक्या शांतपणे म्हणाला की मला छत्री त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. माझ्या आजूबाजूला अशी माणसं कमी नाहीत, जी दुसऱ्यासाठी झिजतात आणि वर समजूतदारपणा दाखवतात. मला ती सहन होत नाहीत. निघताना तो सहज म्हणाला की रिंकबरोबरचा करार संपत आलाय, नवा झाला तर इथे राहायचा पास वाढेल, नाही झाला तर परत गाव. "हिवाळ्यात तिथे मला शर्टाची बटणं लावता येत नाहीत," तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

आता साहेबांचं. आमचे साहेब कोथरूडचे. माणूस वाईट नाही, आणि हाच त्यातला खरा त्रास आहे. दरवर्षी स्वतःच्या घरी गणपती बसवतात, नवीन आलेल्या पोरांना फ्लॅट मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवून घेतात, कोणाच्या घरी काही झालं तर पहिले धावतात. पण टाळ्यांचा आवाज कानावर पडला की त्यांना दुसरं काही ऐकू येत नाही. त्यांना कुठूनतरी कळलं की मी हॉकी शिकते आणि माझा कोच खरोखरचा व्यावसायिक खेळाडू होता, मारामारीसाठी ठेवलेला. झालं. "अगं, मग फॅमिली डे रिंकवरच करू या. तो आणि मी, बर्फावर कुस्ती. जोरदार होईल. तू सांग ना त्याला, तुझं ऐकेल तो."

"सर, तो हे करणार नाही," मी म्हटलं. "आणि मी त्याला विचारणारही नाही."

"अगं, खोटीखोटी गं. पोरं खूश होतील."

साहेब मला वगळून सरळ रिंकच्या मॅनेजरकडे गेले. पूर्ण दिवस रिंक भाड्यानं घेणारं गिऱ्हाईक, मॅनेजर कशाला नाही म्हणेल? त्यानं कोचला बोलावून गोड आवाजात विचारलं, छोटासा शो आहे, कॅन ऑर नॉट? केलास तर कराराचं बोलायला मलाही सोपं जाईल. ह्यानं हो म्हटलं. पुढच्या शनिवारी माझ्यासमोर येऊन त्यानं हातमोजे काढले आणि म्हणाला, "तयार?" मी म्हटलं, "नाही. ऐकायचं नाही मला." तो थांबला. मोजे परत घातले आणि निघून गेला. नियम म्हणजे नियम.

फॅमिली डेच्या सकाळी निम्मं ऑफिस बायकापोरांसकट रिंकच्या कठड्याभोवती जमलं. खोक्यांमधून बी हून, म्हणजे तांदळाच्या परतलेल्या शेवया, वाटल्या जात होत्या, एक पोरगं बर्फ खरवडून खात होतं. मी स्केट्स घालून पोरांना धरायला उभी होते. साहेब आले ते कसे आले, तर लहान मुलांना तोल सांभाळायला देतात तो प्लॅस्टिकचा सील मासा पुढे ढकलत. सगळे हसले, मीसुद्धा हसले. अंगावर छाती-खांद्याची पॅडं चढवलेली. हेल्मेट मात्र काढून बायकोकडे दिलेलं, फोटोत चेहरा दिसायला हवा ना. तो दुसऱ्या दारानं आला, जुनी जर्सी घातलेला, दात लावून. आज पाहुणे होते म्हणून दात लावले असतील. ठरलं असं होतं की दोघांनी झोंबाझोंबी करायची, साहेबांनी दोनचार खोटे ठोसे मारायचे, ह्यानं पडायचं, साहेब जिंकले, फोटो.

ह्यानं साहेबांची जर्सी कॉलरपाशी मुठीत धरली आणि कानाशी काहीतरी विचारलं. काय विचारलं ते मला इतक्या लांबूनही कळलं. साहेबांनी हसत मान डोलावली. सील बाजूला ढकलला. पहिले दोन ठोसे हवेतच गेले. मग पोरं ओरडायला लागली, "फाइट, फाइट." कोणीतरी "गणपती बाप्पा" म्हणालं आणि सगळ्यांनी "मोरया" केलं. तिसरा ठोसा लागला. साहेबांना बहुतेक ते कळलंच नाही. चौथाही लागला, आणि दात बर्फावर पडले. जो हशा पिकला म्हणता. बायका पोटं धरून हसत होत्या. साहेबांना त्या हशाचा जोर चढला, त्यांनी दोन्ही हातांनी सुरू केलं, तोंडावर, कानावर, नाकावर.

आणि हा मारत का नाही, निदान हात वर का करत नाही, ते त्या अख्ख्या गर्दीत फक्त मला दिसत होतं. कारण मी तिथे महिनोन्‌महिने पडले होते. साहेबांचे पाय दोन दिशांना पळत होते. ते स्वतःच्या पायांवर उभेच नव्हते. ह्यानं त्यांना एका मुठीवर तोलून धरलं होतं. ती मूठ सुटली असती तर साहेब मागच्या मागे, उघड्या डोक्यानं बर्फावर आपटले असते. मारणाऱ्याला सावरत तो मार खात होता. दुसरा हात त्यांच्या पाठीशी, पडलेच तर धरायला. अंगठा जर्सीच्या कापडात पिळवटून अडकला होता आणि साहेबांच्या प्रत्येक हिसक्याबरोबर मागे मुरडत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी सरळ मधे गेले आणि मराठीत ओरडले, "पुरे करा. लाज नाही वाटत? सोडलंन् ना त्यानं तुम्हाला, तर कवटी फुटेल तुमची." साहेब थांबले, धापा टाकत, भाबडेपणानं माझ्याकडे बघत. "अगं, गंमत चाललीय." आणि तो? त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. इतकं संतापलेलं मी त्याला कधीच बघितलं नव्हतं. तोंडातून रक्त येत होतं. "बाकावर," तो म्हणाला. "तू बाकावर जा. हे माझं काम आहे." मी गेले. काय करणार? तिथे बसून बघितलं, तो ठरल्याप्रमाणे पडला, हळूहळू, साहेबांना स्वतःच्या अंगावर घेत, म्हणजे त्यांना साधं खरचटायलाही नको. टाळ्या. फोटो. दात मी उचलले. लेक म्हणाली, "आई, सो एम्बॅरसिंग लाह." मी म्हटलं, "हो, आहेच." कोणाबद्दल म्हटलं ते तिला सांगितलं नाही.

करार झाला नाही. त्या तमाशाचा व्हिडिओ फिरला, आणि लहान मुलांच्या बॅचमधल्या पालकांनी रिंकला कळवलं, असा हिंसक माणूस मुलांना शिकवायला नको. ज्यानं बोटही उचललं नाही, तो हिंसक. मॅनेजर म्हणाला, इमेजचा प्रश्न आहे, शिवाय व्हिडिओत तो फारच म्हातारा दिसतोय. त्याच तोंडानं ह्याला बर्फावर उभं केलं होतं. मी साहेबांकडे गेले. म्हटलं, सर, तुम्ही एक शब्द टाका, तुम्ही त्यांचं मोठं गिऱ्हाईक आहात, तुमच्यासाठी त्यानं मार खाल्ला. साहेबांना खरोखर वाईट वाटलं, डोळ्यांत दिसलं मला. "अरेरे," म्हणाले. "चांगला माणूस होता गं. पण तो त्यांचा अंतर्गत विषय. आपण कशाला पडायचं त्यात?"

"तुम्ही पडला असतात तर बरं झालं असतं, सर," मी म्हटलं. "त्यानं पडू दिलं नाही, हीच चूक झाली त्याची." साहेबांना ते कळलं नाही, किंवा कळलं असेल. वर्षाअखेरीच्या बोलण्यात त्यांनी मला प्रेमानं सांगितलं, तुझा स्वभाव जरा तापट आहे, संघभावना वाढव. संघभावना म्हणे.

निरोप घ्यायला मी बुकित पंजांगला गेले. तो बॅग भरत होता. अंगठा पट्टीत, निळा पडलेला. घरमालकीणबाई दारात बसून रडत होत्या आणि त्याला होकियनमधून रागवत होत्या. मीही रागवले. म्हटलं, "का केलंस? सोडायचं होतंस त्यांना, पडले असते." तो म्हणाला, "त्याला लढता येत नव्हतं." म्हटलं, "आणि तुझं काय? तू सगळ्यांसाठी उभा राहणार आणि तुझ्यासाठी कोणी उभं राहिलं तर त्याला बाकावर पाठवणार, हा कुठला माज?" त्यानं एक शर्ट बॅगेत कोंबला. मग म्हणाला, "माझ्यासाठी कोणी भांडलं, तर मग मी कशासाठी?" बॅगेची चेन त्याला लावता येत नव्हती. मी पुढे झाले तर त्यानं पायानं बॅग स्वतःकडे ओढली आणि दातांत चेन धरून लावली. हिरड्यांनीच म्हणायला हवं.

परवा सकाळी ऑफिसात फॅमिली डेची बैठक होती. साहेब उत्साहात होते. मधेच माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं, तुझा तो पैलवान कुठे असतो हल्ली? काय मजा आली होती." सगळे हसले. मी उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. काय करावं ते सुचेना, म्हणून त्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ उलटली होती. बराच वेळ वाजला. मग स्क्रीनवर एक भलंमोठं वाकडं नाक आलं आणि त्यामागे तो. फोन त्यानं नाकानं उचलला होता. बसल्या खोलीत अंगावर जाड कोट, त्याची बटणं उघडी, दोन्ही हात गुंडाळून मांडीवर ठेवलेले. खिडकीबाहेर सगळं पांढरं.

"कसा आहेस?" मी विचारलं.

"बरा."

"हात दाखव."

"नको."

"जेवतोस कसा?"

"जेवतो," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, मी अजून शनिवारी जाते का? मी म्हटलं, जाते, नवा कोच आहे, फार छान बोलतो, दर वळणाला शाबास म्हणतो, मला त्याचा वैताग येतो. तो हसला नाही. पण बरं वाटलं असावं. मी म्हटलं, मी काहीतरी करते, इथे दुसरी रिंक शोधते, कोणाशी तरी बोलते. तो लगेच ताठ झाला. "तू काही करायचं नाहीस," म्हणाला. "ठेवतो."

आणि ठेवायला तो पुढे वाकला. नाक स्क्रीनवर आलं, भलतीकडे टेकलं, आवाज बंद झाला. पुन्हा आलं, चित्र उलटं झालं, छत दिसलं, पुन्हा तो दिसला. मधे गुंडाळलेला हात त्यानं उचलून बघितला आणि परत खाली ठेवला. माझ्या बाजूनं तो कॉल बंद करायला एक बोट पुरलं असतं. बोट मी त्या लाल बटणावर नेलंही होतं. पण ते त्याचं काम होतं. माझ्या डोळ्यांतून रागानं पाणी वाहत होतं, आतून साहेब मला हाका मारत होते, आणि मी बोट आवरून तिथेच उभी राहिले, त्याचं त्याला जमेपर्यंत.